एका दप्तरासाठी शाळा

प्रवास करून आलेल्या माणसाने न गेलेल्यांसाठी लिहून ठेवावं, अशी पद्धत आहे म्हणे. म्हणून मी लिहिते आहे. वाचणार कुणी नाही, कारण ही वही पिठाच्या डब्यामागे असते आणि आमच्या घरात पिठाच्या डब्यापर्यंत माझ्याशिवाय कुणी पोचत नाही. आमच्या आळीतले लोक दुबईला जातात, बालीला जातात, आल्यावर सगळ्यांना बसवून फोटो दाखवतात. मी माणहून निघाले आणि मालेच्या वर आमच्या माहेरच्या वाडीला जाऊन आले. तालुका एकच, मुळशी. दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांची माहिती दुबईपेक्षा कमी आहे, एवढंच.

माझं नाव नकुसा. तीन बहिणींच्या पाठीवर चौथी झाले, तेव्हा देवाला निरोप कळावा म्हणून हे नाव ठेवलं. निरोप पोचला आणि माझ्या पाठीवर दत्तू झाला. त्यामुळे माझ्या नावाबद्दल घरात सगळे समाधानी आहेत. शाळा चौथीपर्यंत झाली, कारण वाडीतली शाळाच चौथीला संपायची. चारचौघांत मला बोलता येत नाही. तोंड उघडलं की घसा कोरडा पडतो. लोकांना वाटतं हिला काही कळत नाही, आणि मग ते माझ्यासमोर मोकळेपणाने काय वाट्टेल ते बोलतात. हा फायदा शिकलेल्या बायकांना मिळत नाही.

माण

आमची शेती कंपन्यांच्या पार्कात गेली. ती गेली तेव्हा आम्ही गरीब वगैरे झालो नाही, मालक झालो. उरलेल्या तुकड्यावर खोल्या बांधल्या. आमचे हे पांढरे कपडे घालून सकाळी गाडी पुसतात आणि संध्याकाळी धूळ बसली का ते बघतात. मधल्या वेळात त्यांना फार काम असतं.

त्या खोल्यांपैकी मागच्या खोलीत फरीदा राहायची. काबूलकडची. तिचा नवरा इथे पुण्यात शिकायला आला होता, पाठोपाठ ही मुलीला घेऊन आली, आणि मग तिकडचं राज्यच पालटलं. परत जायची सोय राहिली नाही. नवरा इथे राहण्याच्या कागदांसाठी दिल्लीला गेला तो तिथेच रांगेत आहे. आमच्या ह्यांनी खोली देताना एकच प्रश्न विचारला होता, "मटन करतात का?" मी म्हटलं, परवडलं तर करतील. त्यावर ह्यांचं समाधान झालं.

फरीदा हिंदी बोलायची, पण ते मालिका बघून शिकलेलं. मी एकदा तिला पाण्याची बादली दिली तर छातीवर हात ठेवून म्हणाली, "आपा, आपका यह एहसान मैं सात जन्म तक नहीं भूलूँगी!" बादली प्लॅस्टिकची होती. माझं हिंदी तर त्याहून थोर. "पाणी भरके ठेवो, मग जाएगा." तरी आमचं सगळं एकमेकींना समजायचं.

तिची मुलगी नऊ वर्षांची. नाव हवा. बिचारी माणमध्ये आल्यापासून शाळेत गेली नव्हती. तिकडे मुलींच्या शाळांना कुलपं लागली, त्यातून आपण सुटलो, असं त्यांना वाटलं होतं. इकडे शाळा उघड्या आहेत, फक्त आत जाता येत नाही. एका शाळेने आधार मागितलं. दुसरीने जुन्या शाळेचा दाखला मागितला. फरीदाने सांगितलं की ती शाळा आता नाही. त्यावर खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "मग शाळा नाही असा दाखला आणा." तिसरी शाळा चकचकीत होती, तिथे रखवालदारानेच परत पाठवलं, म्हणजे वेळ तरी वाचला.

हवा दुपारभर गॅलरीत बसायची. माझ्या दोरीवरचे कपड्यांचे चिमटे काढायची, रांगेत उभे करायची आणि त्यांना शिकवायची. काय शिकवायची ते तिच्या भाषेत, मला कळायचं नाही, पण कान पिळायची ते दिसायचं. एक निळा चिमटा मात्र नेहमी उंबऱ्याच्या बाहेर उभा. मी एकदा विचारलं, "ये काय को बाहर? शिक्षा किया?"

ती म्हणाली, "नहीं मौसी. इसका काग़ज़ नहीं है."

हिंजवडी

प्रवासाचा पहिला टप्पा हिंजवडी. अंतर थोडं, पण रस्त्यावर कंपन्यांच्या गाड्या अशा उभ्या असतात की चालत गेलेला माणूस पोचून, जेवून, परत येतो. आम्ही चालतच गेलो.

बोलावणं आलं होतं. तिकडच्या एका उंच इमारतीतल्या बायकांचं मंडळ आहे. त्यातल्या सोनल मॅडमकडे काम करणारी बाई आमच्याच खोल्यांत राहते, तिच्याकडून त्यांना हवाचा पत्ता लागला. त्यांनी मला फोन केला. "ताई, आम्हाला एक रेफ्युजी मूल हवं होतं, तुमच्याकडे आहे असं कळलं." भाजीवालीला कोथिंबीर विचारावी तसं.

हॉल गार होता. मागे मोठा फलक. त्यावर लिहिलेलं मी सावकाश वाचलं: 'निर्वासित बालकांचे कल्याण आणि शिक्षण'. निर्वासित हा शब्द मला पहिल्यांदा नीट वाचता आला. जीभ मात्र वळेना. दोनदा मनात म्हणून बघितला आणि सोडून दिला.

तिथे पुष्कळ कल्याण झालं. एका बाईंनी पडद्यावर चित्रं दाखवली. दुसऱ्या बाईंनी मुलांच्या मनावर होणाऱ्या परिणामांबद्दल सांगितलं, तेव्हा हवा समोरच्या ताटातल्या बिस्किटांकडे बघत होती, पण ती बिस्किटं कार्यक्रम झाल्यावर वाटायची होती. मग तिला स्टेजवर घेतलं. सोनल मॅडमनी खाली वाकून गोड आवाजात विचारलं, "हवा बेटा, आपको सबसे ज़्यादा क्या चाहिए?"

हवा म्हणाली, "स्कूल."

केवढ्या टाळ्या! दोघी-तिघींनी डोळे पुसले. मग तिला दप्तर दिलं. गुलाबी, पाठीवर चमकणारी चांदणी, आत वह्या, रंगपेटी, डबा, पाण्याची बाटली. फोटो काढले. मला वाटलं आता शाळेचं सांगतील. सगळ्या आपापल्या बश्या घेऊन उठल्या. मी सगळं धैर्य गोळा करून सोनल मॅडमच्या जवळ गेले आणि म्हणाले, "मॅडम, शाळा..."

"हो ना!" त्या म्हणाल्या. "किती महत्त्वाची असते ना शाळा! तुम्ही लक्ष घाला हं ताई."

म्हणजे दप्तराचं त्यांनी बघितलं, उरलेलं किरकोळ काम माझ्याकडे आलं.

त्या संध्याकाळी हवा दप्तर पाठीवर घेऊनच जेवली. फरीदा मला म्हणाली, "आपा, यह बैग देखकर मेरा कलेजा फट रहा है." या वेळी ती मालिकेतलं बोलत नव्हती.

नेमका तेव्हाच दत्तूचा फोन आला. वाडीची शाळा बंद व्हायला आली होती. पट, म्हणजे हजेरीतली मुलं, इतका उतरला की या वर्षी शाळाच मोडून मुलांना खाली दुसऱ्या गावाला पाठवतील अशी कुजबुज होती. "आक्के, मास्तर घरोघर फिरतुया," दत्तू म्हणाला. "मला म्हनला, दत्तोबा, आजून एक पोर हूंद्या. म्या म्हनलं, झालं तरी पहिलीला यायला सा वर्सं लागत्यात की!"

एकीकडे शाळेला मुलं नव्हती. दुसरीकडे मुलीला शाळा नव्हती. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात यावी, यावरून बाकीचे लोक किती कामात असतील ते कळतं. ह्यांना मी सांगितलं, माहेरी भाताची झोडणी आहे, दोघींना मदतीला नेते. हे गाडी पुसत होते. "जा," म्हणाले.

घोटवडे फाट्यापासून पौडपर्यंत

घरच्या गाडीने जायचा प्रश्न नव्हता, ती नुकतीच पुसली होती. आम्ही घोटवडे फाट्यापर्यंत रिक्षाने आणि पुढे वडापच्या जीपने गेलो. वडापमध्ये बसायची रीत अशी की जागा नसली तरी बसायचं, आणि ड्रायव्हर "अजून एक बसतंय" म्हणाला की आपणच सरकायचं. माझ्या शेजारी पौडच्या बाजाराला निघालेली सुकटवाली होती. तिने टोपली टपावर चढवली, हवाचं दप्तरही ड्रायव्हरने टपावर टाकलं. हवाने पहिल्यांदा तोंड उघडून आरडाओरडा केला. मी तिला समजावलं, "उधर ही है, ऊपर. पडेगा नहीं."

पडलं नाही. पण पौडला उतरवलं तेव्हा टोपली दप्तराच्या वर होती आणि चांदणीला बोंबलाचा वास येत होता. तो वास अजून आहे.

सुकटवालीने फरीदाच्या डोक्यावरची ओढणी बघितली, गोरा रंग बघितला, आणि मला कोपराने ढोसलं. "कंच्या गावची गं पाव्हनी?"

"काबूल," मी म्हटलं.

तिने जरा विचार केला. "लोनावळ्याच्या अल्याड का पल्याड?"

"पल्याड."

"तरीच," ती म्हणाली. "तिकडं थंडी लई. सुकट मिळतं का पर तितं?" मी फरीदाला विचारलं. फरीदा म्हणाली, समुद्रच नाही. सुकटवालीला एवढं वाईट वाटलं की तिने पदराआडून मूठभर बोंबील काढून फरीदाच्या ओंजळीत घातले. देशाची, राज्याची, बंदुकांची तिला काही पडली नव्हती. ज्या मुलखात बोंबील नाहीत तिथून माणूस निघून येणारच, असा तिचा सरळ हिशेब.

पौडच्या पुढे रस्ता मोकळा होतो. माणच्या माणसाला ते एकदम जाणवतं, कारण डोळ्यांसमोर इमारत आली नाही की कुठे बघावं ते सुचत नाही. भात कापून झालं होतं. खाचरं सुकत होती, बांधांवर पेंढ्या उभ्या, आणि लांब डोंगराच्या पोटाशी धरणाचं पाणी. फरीदा ओढणी सावरून बाहेर बघत राहिली. मग हळूच म्हणाली, तिच्या आजोळी असेच डोंगर होते, फक्त इतके हिरवे नाहीत. मी म्हटलं, "उन्हाळे में आओ, ये भी पिवळा होता." तेवढंच सांत्वन मला जमलं.

वाडी

दत्तूने घराशेजारी एक खोली बांधलेली आहे. पुण्याचे लोक सुट्टीला येतील, चुलीवरचं जेवतील, पैसे देतील, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. खोलीवर पाटी आहे, 'होम स्टे'. आजवर तिथे फक्त कांदे राहिलेत. कांदे हलवून आम्ही फरीदाची पिशवी ठेवली.

माझी भावजय सुरेखा बोलायला कडक आहे. पाहुणीला बघून ती मला चुलीपाशी ओढत म्हणाली, "वन्सं, भाषा कळत न्हाई, जात कळत न्हाई, म्या हिच्याशी बोलू काय?" मी म्हटलं, आधी चहा कर. तिने चहा उकळायला ठेवला, दुधाचं भांडं उचललं. फरीदा लाजून म्हणाली, "मेरी चाय में दूध नहीं, बहन."

सुरेखाचा हात तसाच राहिला. आमच्याकडे बिनदुधाचा कोरा चहा एकाच घरात होतो, ज्या घरातून प्रेत नुकतंच उचललेलं असतं. तिने आवाज खाली आणला. "कोन गेलं वं हिच्या घरचं?"

मला हिंदीत हळुवार बोलता येत नाही. मी सरळ विचारलं, "वो पूछती, तुम्हारे घर में कौन मर गया?"

फरीदाने एकदा चुलीकडे बघितलं. मग ती सांगू लागली. वडील. थोरला भाऊ. त्याची बायको, तिच्या पोटात होतं. शेजारची एक मैत्रीण, शिक्षिका. नावं घेताना ती एकेक बोट मिटत होती, मालिकेतलं एकही वाक्य नव्हतं. मला त्यातलं सगळं सांगताही आलं नाही, पण सुरेखाला मिटलेली बोटं दिसत होती. तिने दुधाचं भांडं फडताळात परत ठेवलं. कपांमध्ये कोरा चहा ओतला, फरीदाला दिला, मला दिला, स्वतः घेतला. तिघी चुलीपाशी बसून प्यायलो.

पुढे मला समजलं की त्यांच्या मुलखात रोजच कोरा चहा पितात, लग्नातसुद्धा. मी ते सुरेखाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती दूध घालायला लागेल.

दुपारी फरीदा खळ्यात उतरली. भाताच्या पेंढ्या आपटायचं काम तिला येत नव्हतं, पण आपटायचा जोर भरपूर होता. सुरेखा बघत राहिली आणि म्हणाली, "वन्सं, हिला ठिवा हितंच." जेवायला नव्या तांदळाची भाकरी, पावट्याची आमटी, आणि सुकटवालीचे बोंबील भाजून. फरीदाने बोंबील तोंडात घातला आणि तिचा चेहरा असा झाला की सुरेखा पदर तोंडाला लावून हसली. हवाने मात्र दोन खाल्ले. तिच्या दप्तराची आणि तिची आता चव एक झाली होती.

खळ्यातली सभा

ऊन उतरल्यावर दत्तूने मास्तरांना बोलावून आणलं. मास्तर पौडहून मोटारसायकलने येऊन-जाऊन शाळा करतात. हवाकडे त्यांनी असं बघितलं, जसं आमचे हे नव्या गाडीकडे बघतात. "कितवीला बसेल?" त्यांनी आधी तेच विचारलं, आणि मग आठवण आल्यासारखं, "कोण आहेत या?"

आजूबाजूला माणसं जमली होती. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. घसा कोरडा पडला. फलकावरचा शब्द मला आठवत होता, पण तो काही केल्या तोंडातून निघेना. नि... नीर... शेवटी जो जवळचा शब्द आमच्या वाडीत लहानपणापासून ऐकला होता तोच निघाला. "विस्थापित आहेत," मी म्हटलं.

पेंढ्यावर बसलेले धोंडूअण्णा ताडकन सरळ झाले. अण्णा म्हणजे आमच्याकडच्या धरणग्रस्तांच्या कमिटीचे अध्यक्ष. मूळ गाव पाण्यात गेलं त्याला तीन पिढ्या झाल्या. अण्णांचा जन्म त्याच्या कितीतरी नंतरचा, पण गाव बुडताना आपण काठावर उभे होतो असं ते सांगतात आणि कुणी अडवत नाही. कमिटीतले बाकीचे सगळे वारले. त्यामुळे ठराव एकमताने होतात.

"कंच्या धरनाचे?" अण्णांनी विचारलं.

मी दत्तूकडे बघितलं. दत्तूने मास्तरांकडे. तोंड उघडलं ते बाळूशेठने. हा फार्महाऊसचे प्लॉट विकतो. डोंगराची अर्धी बाजू त्याने मुंबईच्या लोकांना विकली आहे आणि तिकडे जायच्या वाटेवर आता फाटक आहे. तो म्हणाला, "कसलं धरन, अण्णा! दत्तू काबूल म्हनला, मी आत्ता मोबाइलात बघितलं. अफगानिस्तानातली हायेत ती. बाहेरची मानसं आपल्याला गावात नकोत."

सगळे एकदम डोंगराकडे बघायला लागले. का ते त्याला कळलं नाही.

अण्णा मात्र चिडले. आलेला सभासद हातचा जातो की काय म्हणून. मला म्हणाले, "नके, इचार तिला. गाव सोडाया लावलं का न्हाई?"

मी विचारलं. फरीदा म्हणाली, "हाँ."

"बदल्यात जमीन दिली?"

"नहीं."

"नुस्कानभरपाई?"

"नहीं."

"माघारी जाता येतं?"

फरीदाने नुसती मान हलवली.

"मंग धरनग्रस्तच की रं!" अण्णा बाळूशेठवर ओरडले. "ह्याहून येगळं काय आस्तंया? पानी आलं न्हाई म्हून काय झालं?" आणि लगेच मास्तरांना म्हणाले, "मास्तर, कमिटीत लिव्हा हिला. पोरीला बी लिव्हा. आता तीन झालो." मग जरा विचार करून मला हळूच, "नके, हिच्या तिकडच्या सरकाराकडनं आपल्या धरनाबद्दल एक अर्ज जाईल का, इचार की." हे मी भाषांतर केलं नाही.

मास्तर घुटमळत होते. "बसवायला हरकत नाही. कायदाच म्हणतो की कागदासाठी मूल अडवू नका. पण वर विचारतील, हिला बसवलं कुणाच्या जबाबदारीवर?"

"आसं इचारा," बाळूशेठ म्हणाला. "उद्या पोलीस आले तर? काय गं नकुसाताई, तुज्या जबाबदारीवर का?"

हवा दप्तराचे पट्टे दोन्ही हातांनी धरून उभी होती. भाषा कळत नसली तरी आपल्याबद्दल ठरतंय हे मुलांना कळतं. एक खिडकी, दुसरी खिडकी, मग रखवालदार, हे तिने बघितलेलं होतं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. उत्तर काय येणार हे माहीत असल्यासारखी ती खाली, स्वतःच्या चपलांकडे बघत होती.

"व्हय," मी म्हणाले.

माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं भाषण. टाळ्या पडल्या नाहीत. सुरेखाने फक्त माझ्या पाठीवरचं पेंढ्याचं कुसळ काढलं, आणि तिला काढायचं नसतं तेव्हा ती काढत नाही.

शाळा

सकाळी आम्ही शाळेत गेलो. मी शिकले तेव्हाच्याच भिंती, फक्त वर पत्रा नवा आणि आत मुलं कमी. वाटेत दोन कुत्री आणि एक मांजर दप्तराच्या मागे लागली होती, ती दारापर्यंत पोचवायला आली. एवढी मिरवणूक वाडीत दुसऱ्या कुणाच्या प्रवेशाला निघाली नसेल.

मास्तरांनी पेन काढलं. "नाव काय बाळ?"

"हवा."

मुलं खिदळली. मागून कुणीतरी म्हणालं, "सर, दार लावा, हवा जाईल!" हवाचे कान लाल झाले. मला वाटलं, आता ही पळणार. पहिल्या रांगेत बसलेली एक चिमुरडी, सुरेखाच्या बहिणीची, शाळेत सगळ्यांत हुशार म्हणून मिरवते. ती उभी राहून म्हणाली, "सर, चूक आहे. हवा म्हणजे मुलगा झाला. मुलगी असेल तर हवी."

मास्तर हसले. "बरोबर. मुलगा हवा, मुलगी हवी." आणि मुलांकडे बघून त्यांनी विचारलं, "मग काय, मुलगी हवी का?"

"हवीऽऽ!" सगळी ओरडली. त्यांना नुसतं ओरडायला मिळालं तरी चालतं.

कागदावर नाव हवाच लागलं, पण हाकेला हवीच राहिलं. तिला कुणी समजावून सांगितलं नाही. मी पुस्तकं वाचलेली बाई नाही, तरी मोडक्या हिंदीत सांगायचा प्रयत्न केला. "हवी मतलब, चाहिए. सबको चाहिए." ती म्हणाली, "किसको?" मी बोट फिरवून सगळा वर्ग दाखवला.

मास्तरांनी विचारलं, "जबाबदार म्हणून कुणाचं नाव घालू? तुमचं ना? पूर्ण सांगा."

"नकुसा," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं. वर बघितलं. परत खाली बघितलं. मला हसू आलं, म्हणून मी पदर तोंडाला लावून बाहेर आले. दाराबाहेर उभं राहून मी ऐकत होते. पाढा चालला होता, बेचा. हवीला मराठी येत नव्हतं, पण प्रत्येक ओळीच्या शेवटी ती सगळ्यांच्या मागून जोरात ओरडत होती. काय ओरडत होती ते तिलाच माहीत.

शाळा अजूनही चौथीलाच संपते. मास्तरांना मी विचारलं, पुढे काय? ते म्हणाले, "पुढचं पौडला." आमच्या वेळीही पुढचं पौडलाच होतं. मी फरीदाला एवढंच सांगितलं, "चौथी के बाद हम फिर आएगा." या वेळी तिने एहसान वगैरे काही म्हटलं नाही. नुसता माझा हात धरला, खरखरीत झालेल्या, भाताच्या पेंढ्यांनी ओरखडलेल्या हातांनी.

परत माण

येताना वडापमध्ये जागा मिळाली. घरी ह्यांनी विचारलं, "त्या दोघी कुटं?"

"माहेरी ठेवल्या. पोरगी शाळेत घातली."

"मला इचारायचं तरी!"

विचारलं असतं तर नको म्हणाले असते, न विचारल्यामुळे नुसते रागावले. रागावलेले हे मला सांभाळता येतात. मागच्या खोलीला दुसऱ्याच दिवशी भाडेकरू मिळाला, तेव्हा ते मुळात त्यांनाच सुचलं होतं असं आळीत सांगत होते.

आठवड्याने सोनल मॅडमचा फोन आला. मी कपडे वाळत घालत होते. "ताई, आपला पुढचा कार्यक्रम आहे, याहून मोठा! पेपरवाले येणार आहेत. हवाला घेऊन या हं. ते गुलाबी दप्तर आठवणीने."

घसा कोरडा पडला नाही, याचं मलाच नवल वाटलं. "ती येनार न्हाई," मी म्हटलं. "शाळा असते तिला."

"अय्या, शाळा? कुठे? बरं झालं हो... पण मग आता आम्ही काय करायचं?" आणि मग, "ताई, तुमच्या खोल्यांमध्ये दुसरं कुणी आहे का तसं?"

मी म्हटलं, बघते. फोन ठेवला. टोपलीत शेवटचा, ह्यांचा पांढरा सदरा उरला होता. तो दोरीवर टाकला आणि चिमटा घ्यायला गेले, तर एक कमी. गॅलरीत शोधला, उंबऱ्याबाहेर बघितलं, त्याच्या नेहमीच्या जागी. निळा चिमटा तिथे नव्हता.

संध्याकाळी सुरेखाला फोन केला. ती म्हणाली, "व्हय वन्सं, हाय की हितं. रोज दप्तरात घालून शाळंत नेती त्याला. बाकावर बाजूला बसवती."